जोडीतली दुसरी रेषा

सोडियमचा दिवा लावला की तो लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबीसर लाल उजेड येतो, कारण आत थोडा निऑन भरलेला असतो. मग काचेच्या नळीतलं सोडियम तापतं, त्याची वाफ होते आणि पाच-सात मिनिटांनी सगळी डार्करूम हळदीसारखी पिवळी होते. कराडजवळच्या एका कॉलेजात मी सोळा वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे आणि दर वर्षी बी.एस्सी.च्या मुलांना हा प्रयोग करायला लावते. स्पेक्ट्रोमीटरवर इंचाला १५,००० रेघांचं, प्रकाश रंगांत फोडणारं ग्रेटिंग बसवायचं, दुर्बीण हळूहळू फिरवायची. पहिल्या क्रमात एक जाड पिवळी रेघ दिसते. दुसऱ्या क्रमात गेलं आणि फट नीट बारीक केली की ती रेघ फुटते आणि तिच्या दोन होतात: एक ५८९० अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, दुसरी ५८९६ ला. मुलं दर वर्षी त्याच क्षणी "मॅडम, दोन आहेत!" असं ओरडतात आणि मला दर वर्षी तितकाच आनंद होतो.

याच जोडीमुळे एका मे महिन्यात माझी फजिती होता होता राहिली आणि त्यातूनच २४ कोटी प्रकाशवर्षांवरचा वायू मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसला.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत महाविद्यालयीन शिक्षकांना सुट्टीत येऊन काम करता येतं. मला बरेच दिवस वर्णपटावर काहीतरी करायचं होतं, प्रयोगशाळेतल्या नव्हे, आकाशातल्या. ज्या सरांकडे मी गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही सोडियम डबलेट शिकवता ना? मग तुम्हाला एनजीसी ५५४८ देतो."

ही भूतप तारकासमूहातली, म्हणजे आपल्या स्वाती नक्षत्राच्या भागातली एक दीर्घिका (गॅलेक्सी). चित्रात पाहिली तर साधी, सर्पिल, कडेला थोडी विस्कटलेली. पण तिचं केंद्र इतकं तेजस्वी आहे की मोठ्या दुर्बिणीतून ते ताऱ्यासारखं टोकदार दिसतं. तिथे काही कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे आणि त्याच्याभोवती फिरत आत जाणारा वायू तापून प्रकाश देतो आहे. अशा केंद्रांच्या दीर्घिकांचा पद्धतशीर अभ्यास कार्ल सायफर्ट यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला, म्हणून त्यांना सायफर्ट दीर्घिका म्हणतात. एनजीसी ५५४८ ही त्यांतली बहुधा सगळ्यात जास्त तपासली गेलेली. १९७८ साली आययूई हा अतिनील उपग्रह वर गेला, तेव्हापासून माणसं तिच्याकडे अतिनील प्रकाशात पाहत आली आहेत.

अतिनीलच का, हा प्रश्न मी स्वतःच विचारला. दृश्य प्रकाशात काय कमी आहे? सरांनी उत्तर दिलं नाही. फळ्यावर हायड्रोजनच्या पातळ्या काढल्या आणि खडू माझ्या हातात दिला. त्या दिवशी ते मला नीट उमगलं. विरळ वायूतला जवळजवळ प्रत्येक अणू सगळ्यात खालच्या पातळीवर बसलेला असतो. वर उडवून देणारी टक्कर क्वचितच होते आणि झालीच तर तो लगेच खाली येतो. असा अणू प्रकाश गिळणार तो खालच्या पातळीवरून वर जायलाच, आणि हायड्रोजनची ती पहिली उडी १२१६ अँगस्ट्रॉमची आहे. ती लायमन-अल्फा रेषा पूर्णपणे अतिनील. दृश्य प्रकाशातल्या बामर रेषा गिळायच्या तर अणू आधीच दुसऱ्या पातळीवर असायला हवा आणि तसे अणू तिथे नगण्य. कार्बन, नायट्रोजन, सिलिकॉन यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की त्यांच्याही पहिल्या उड्या अतिनीलमध्येच येतात. सोडियमची पिवळी जोडी दृश्य प्रकाशात आहे खरी, पण अशा दाहक जागी साधा उदासीन सोडियमचा अणू टिकतच नाही.

म्हणजे वायू तिथे आहे, आपल्या आणि त्या तेजस्वी केंद्राच्या बरोबर मध्ये आहे, आणि दृश्य प्रकाश त्याच्यातून काच ओलांडावी तसा निघून येतो. अडतो तो फक्त अतिनील (आणि क्ष-किरण). शिवाय पृथ्वीचं वातावरण हा प्रकाश जमिनीवर पोचू देत नाही, म्हणून दुर्बीण वरच न्यावी लागते.

हबल दुर्बिणीवर कॉस नावाचा वर्णपटमापी आहे. २००९ च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी शेवटची दुरुस्ती-भेट दिली, तेव्हा तो बसवला. त्याने घेतलेली निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्या जगाला खुली होतात आणि मास्ट नावाच्या संग्रहातून कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. मला हे माहीत होतं, पण "कुणीही" या शब्दात आपणही येतो हे मी मानलं नव्हतं. पहिल्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एनजीसी ५५४८ लिहिलं आणि यादी समोर आली. २०११ ची निरीक्षणं, २०१३ ची, आणि २०१४ ची तर मैलभर लांब. २०१४ च्या पहिल्या सहामाहीत या एका दीर्घिकेकडे हबल जवळजवळ रोज वळत होती, १७० हून अधिक वेळा. मी बराच वेळ नुसती ती यादी खाली-वर करत राहिले. त्या एकेका ओळीसाठी दुर्बीण वळवलेली, लोकांनी अर्ज केलेले, वेळ मागितलेला.

मी २०११ ची फाइल उघडली. पायथॉनच्या चार ओळींनी आलेख पडद्यावर आला. आडवी तरंगलांबी, उभा प्रकाश. मध्येच लायमन-अल्फाचा उंच डोंगर, पुढे कार्बनचा. डोंगर रुंद, कारण कृष्णविवराजवळचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो, काही आपल्याकडे येतो, काही लांब जातो, आणि रेषा दोन्ही बाजूंनी पसरते. हे मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हत्या त्या डोंगराच्या डाव्या उतारावरच्या खाचा. कुणी धारदार विळ्याने घाव घालावेत तशा. एक, दोन, चार, कुठे एकमेकींत मिसळलेल्या. या खाचा म्हणजेच मधला वायू. त्याचं चित्र कधीच निघत नाही. जिथे प्रकाश असायला हवा होता आणि नाही, तेवढंच त्याचं अस्तित्व.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आता यातलं जे त्यांचं नाही ते काढा."

हे वाक्य मी पुढे दोन महिने जगले. आधी उपकरणाचं. कॉसच्या डिटेक्टरसमोर बारीक तारांची जाळी आहे. तिच्या सावल्या वर्णपटात पडतात आणि अगदी शोषणरेषेसारख्या दिसतात. म्हणून निरीक्षण करताना ग्रेटिंग मुद्दाम किंचित हलवून चार जागांवर प्रकाश पाडतात. वायूची खाच तिच्या तरंगलांबीला चिकटून राहते, तारेची सावली मात्र सरकते. चारही एकत्र मिळवले की ती विरते. संशोधन करणारी एक मुलगी शेजारी बसायची. तिने मला चारही आलेख वेगवेगळ्या रंगांत एकावर एक काढून दाखवले. एक खाच चारही रंगांत एकाच ठिकाणी होती, दुसरी प्रत्येक रंगात पुढे-पुढे सरकत गेली. "मॅडम, ही पळते ती आपली, स्थिर राहते ती तिकडची," ती म्हणाली. पुढे मला कळलं की हे फक्त तारांपुरतं खरं आहे, पण त्या दिवशी मी ते वहीत ठळक लिहिलं.

मग पृथ्वीचं. हबल पाचशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर फिरते आणि तिच्याही वर विरळ हायड्रोजन पसरलेला आहे. सूर्यप्रकाशाने तो १२१५.६७ अँगस्ट्रॉमला चमकतो. आलेखात तिथे एक भलामोठा खांब उभा असतो. एनजीसी ५५४८ ची ताम्रसृती, म्हणजे दूर जाण्यामुळे रेषा लांब तरंगलांबीकडे सरकण्याचं प्रमाण, ०.०१७१७ आहे, त्यामुळे तिची लायमन-अल्फा १२३६.५ ला येते आणि खांबापासून २१ अँगस्ट्रॉम सुटते. एनजीसी ४०५१ सारख्या फार जवळच्या दीर्घिकेत ही सवड तीन अँगस्ट्रॉमचीही नसते, तिथे हे काम किती जड जात असेल याची कल्पना करवत नाही.

आणि मग तिसरं. तिथे मी चुकले.

वर्णपट वाचायची सोपी रीत अशी: तरंगलांबीऐवजी आडव्या अक्षावर वेग घ्यायचा. दीर्घिकेचा स्वतःचा वेग शून्य धरायचा. डावीकडे उणे, म्हणजे केंद्राकडून बाहेर, आपल्या दिशेने येणारा वायू. उजवीकडे अधिक, म्हणजे केंद्राकडे पडत जाणारा. मी नायट्रोजनची रेषा घेतली होती, चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या नायट्रोजनची, १२३८.८२ अँगस्ट्रॉमची. डावीकडे खाचा अपेक्षेप्रमाणे होत्या. पण शून्याच्या उजवीकडे, अधिक ८० किलोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास, एक अरुंद, खोल, सुरेख खाच होती.

अधिक. म्हणजे आत पडणारा वायू. सक्रिय दीर्घिकांत बाहेर फेकला जाणारा वायू पदोपदी दिसतो, पण कृष्णविवराला भरवणारा, आत जाणारा वायू पकडणं फार अवघड, हे मी वाचलेलं होतं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. मी तीनदा गणित तपासलं, ताम्रसृती तपासली, आणि हात थरथरत असताना सरांना आलेख पाठवला. खाली लिहिलं, "हा आत जाणारा वायू आहे का?"

सकाळी उत्तर आलं होतं. एकच ओळ: "मॅडम, हिचा जोडीदार कुठाय?"

ती ओळ वाचली आणि मी जागच्या जागी बसले. सोळा वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की सोडियमच्या दोन रेषा एकमेकींना सोडून राहत नाहीत. बाहेरच्या एकाच इलेक्ट्रॉनला वर जायला अगदी लगतच्या दोन पायऱ्या आहेत, म्हणून रेषा दोन. एक दिसली की दुसरी असणारच. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन, चार गमावलेला नायट्रोजन, पाच गमावलेला ऑक्सिजन, यांच्याकडेही शेवटी बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन उरतो. यांचीही तशीच जोडी. कार्बनची १५४८.२० आणि १५५०.७७ ला. नायट्रोजनची १२३८.८२ आणि १२४२.८० ला. माझी खाच नायट्रोजनची असेल तर तिची दुसरी १२६४.५ च्या आसपास दिसायलाच हवी.

मी तिथे गेले. तिथे काही नव्हतं. आलेखाची रेघ सरळ निघून गेली होती.

मग मी वेग बाजूला ठेवून नुसती तरंगलांबी वाचली. १२६०.४. प्रयोगशाळेतल्या तक्त्यात पाहिलं: एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनची रेषा, १२६०.४२. कुठलीही ताम्रसृती नाही. शेजारी १२५९.५२ ला गंधकाची छोटी रेषा, तीही तशीच जागच्या जागी. खात्री करायला १५२६.७ वर गेले, सिलिकॉन तिथेही होता. १३३४.५ ला कार्बन होता. हा सगळा आपल्या आकाशगंगेतला वायू. एनजीसी ५५४८ पासून निघालेला प्रकाश २४ कोटी वर्षं प्रवास करून अगदी शेवटच्या टप्प्यात आपल्या दीर्घिकेत शिरला आणि इथल्या थंड सिलिकॉनने त्यातून आपला वाटा काढून घेतला. तिथे आत पडणारं काही नव्हतं. मी आपलीच खूण दुसऱ्याच्या घरात शोधत होते.

दुपारी सरांना भेटले तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "ही रेषा त्या जागी बसलेली असणं हा निव्वळ योग आहे, पण ती प्रत्येकाला एकदा तरी फसवते. तुम्ही आता कायमच्या सुटलात." मग चहा मागवला आणि आकाशगंगेच्या सगळ्या रेषांची यादी करायला सांगितली. ती यादी मी आलेखाच्या वरच्या कडेला छोट्या निळ्या खुणांनी मांडली. मगच पुढचं काम सुरू झालं.

पुढचं काम म्हणजे ढग मोजणं. कार्बनची १५४८.२० ही रेषा ताम्रसृतीमुळे १५७४.७८ ला यायला हवी. सगळ्यात डावीकडची ठळक खाच १५६८.७ ला आहे. फरक सुमारे ६.१ अँगस्ट्रॉम. त्याला १५७४.७८ ने भागून प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उत्तर येतं सेकंदाला सुमारे ११६० किलोमीटर, आपल्या दिशेने. मुंबई-दिल्ली हे विमानाच्या वाटेचं अंतर एका सेकंदात. या मापाचं प्रसिद्ध झालेलं मूल्य मी मुद्दाम आधी पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं, तेही उणे ११६०. त्या संध्याकाळी मी विद्यापीठाच्या आवारात एकटीच बराच वेळ चालले.

असे एकूण सहा ढग त्या एका दृष्टिरेषेवर ओळखले गेले आहेत: उणे ११६०, ७२०, ६४०, ४७५, ३०० आणि ४०. ते वेगळे करताना जोडी मदतही करते आणि वाटही अडवते. कार्बनच्या दोन रेषांमधलं अंतर वेगाच्या भाषेत सुमारे ५०० किलोमीटर प्रति सेकंद येतं. म्हणून पहिल्या ढगाची दुसरी रेषा नेमकी तिसऱ्या ढगाच्या पहिल्या रेषेवर जाऊन बसते. दोन्ही सावल्या एकाच खाचेत. नायट्रोजनच्या जोडीत अंतर जवळजवळ दुप्पट, पण तिथे आपली सिलिकॉनची रेषा उभी. हायड्रोजनला अशी पसरलेली जोडी नाही, पण त्याच्या खाचा इतक्या भरलेल्या की एकमेकींत मिसळतात. मग तिन्ही एकाखाली एक ठेवायच्या, एकाच वेगाच्या अक्षावर, आणि पट्टी उभी धरून वरून खाली न्यायची. जे तिन्हींत एका रेषेत येतं ते खरं. मी ही पट्टी प्लॅस्टिकची, शाळेतली, पडद्यावर प्रत्यक्ष धरत असे. कर्सरपेक्षा मला तीच बरी वाटली.

सगळ्यात जास्त दिवस मी अडकले ते खोलीवर.

खाच जितकी खोल तितका वायू जास्त, असं मन पटकन म्हणतं. मी तसा हिशेब केला. पण जोडीतल्या दोन रेषांची ताकद सारखी नसते, पहिली दुसरीच्या दुप्पट गिळते. म्हणजे दुबळ्या रेषेच्या तळाशी अर्धा प्रकाश उरला असेल तर बळकट रेषेच्या तळाशी पाव उरायला हवा. जिथे दोन्ही रेषा मोकळ्या सापडल्या, तिथे मला असं दिसलं नाही. दोघींचे तळ जवळपास सारख्याच उंचीवर, आणि ती उंची शून्य नव्हती.

गावाकडच्या घराने हे मला समजावलं. उन्हाळ्यात आई दुपारी खिडकीला गोणपाट लावायची. गोणपाटातून काहीच प्रकाश येत नसे, तरी खोली अंधारी होत नसे, कारण कडेला फट असायची. खिडकीवर पातळ मलमल लावली तरी खोलीत तेवढाच मंद उजेड येऊ शकतो. आत बसलेल्याला फक्त उजेडावरून कळणार नाही की खिडकीवर गोणपाट आहे की मलमल. पण कापड दुहेरी केलं की लगेच कळतं. मलमल दुहेरी केली तर उजेड आणखी उतरतो, गोणपाट दुहेरी केलं तरी काहीच फरक पडत नाही, कारण येणारा उजेड सगळा फटीतूनच येतो. जोडीतली बळकट रेषा म्हणजे दुहेरी केलेलं कापड. माझ्या खाचांचे तळ सारखे होते, म्हणजे वायू गोणपाटासारखा दाट होता आणि उरलेला प्रकाश कडेने आलेला. तो ढग तेजस्वी भागाला पूर्ण झाकत नाही. खोलीवरून थेट काढलेलं माझं वायूचं प्रमाण फारच कमी निघालं होतं. किती भाग झाकला आहे हेही या दोन तळांवरूनच काढता येतं, एका लहानशा सूत्राने. ते सूत्र मी आता टी.वाय.च्या मुलांना गृहपाठाला देते.

नुसत्या गैरहजर प्रकाशातून वायूचा वेग कळतो, प्रमाण कळतं, आणि तो दिव्याचा किती भाग झाकतो हेही कळतं. आम्ही शिक्षक पाठ्यपुस्तकातली जोडी दोन गुणांच्या प्रश्नासाठी शिकवतो, याचं मला त्या दिवसांत वाईट वाटलं.

शेवटच्या आठवड्यात सरांनी २०१३ ची फाइल उघडायला लावली. "२०११ वर ठेवा," एवढंच म्हणाले. मी २०११ निळ्या रंगात काढला, २०१३ लाल रंगात. अरुंद खाचा साधारण जागच्या जागी होत्या. पण कार्बनच्या डोंगराचा डावा उतार लाल आलेखात खचला होता. एक रुंद, उथळ घळ, सेकंदाला सुमारे ५००० किलोमीटर वेगापर्यंत पसरलेली. लायमन-अल्फातही तीच घळ. दोन वर्षांपूर्वी ती तिथे नव्हती.

त्या वर्षी हबल आणि क्ष-किरण दुर्बिणी मिळून एनजीसी ५५४८ ची मोहीम चालली होती. नेहमी दिसणारे कमी ऊर्जेचे क्ष-किरण दहा टक्क्यांच्या आसपासच उरले होते. केंद्राच्या अगदी जवळ, काही प्रकाशदिवसांच्या अंतरावर, वायूचा एक वेगवान लोट मध्ये आला होता. क्ष-किरणांनी सांगितलं की काहीतरी झाकलं गेलंय. ते धावतंय आणि बाहेरच्या दिशेने धावतंय, हे मात्र अतिनीलमधल्या घळीने सांगितलं. २०१४ साली हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. मी तो निबंध आधी वाचला असता तर मला हे "माहीत" झालं असतं. आधी लाल रेघ निळ्या रेघेखाली उतरलेली पाहिली, मग वाचलं, याबद्दल मी सरांची ऋणी आहे.

आणि त्या लोटाची सावली लांबवर पडली. त्याच्या पाठीमागे असलेल्या, उणे ११६० वाल्या जुन्या ढगाला आता कडक किरण कमी मिळू लागले. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन बनवायला सुमारे ४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशाचा कण) लागतो, चार गमावलेला नायट्रोजन बनवायला ७७ चा. ते फोटॉनच अडले तर अणू आपले इलेक्ट्रॉन परत मिळवू लागतात, आणि कमी इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या रेषा उगवतात. त्यांत दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या ११७५ अँगस्ट्रॉमजवळच्या रेषांचा एक गुच्छ मिळाला. या रेषा सगळ्यात खालच्या पातळीवरून निघत नाहीत. टकरींनी थोडं वर ढकललेल्या अणूंच्या त्या आहेत. टकरी किती होतात ते वायूच्या घनतेवर अवलंबून, म्हणून घनता हाती आली: घनसेंटिमीटरला साठ हजारांच्या वर इलेक्ट्रॉन. घनता आणि प्रकाशाचा मारा दोन्ही कळले की अंतर निघतं. हा ढग कृष्णविवरापासून साधारण साडेतीन पार्सेकवर आहे, सुमारे ११ प्रकाशवर्षं. आपल्यापासून प्रश्वा तारा जेवढा लांब, जवळजवळ तेवढा.

हे शेवटचं गणित माझं नाही. ते अनेक जणांनी मिळून केलेलं, छापलेलं आहे. मी फक्त तो रेषांचा गुच्छ माझ्या आलेखात शोधला आणि तो ११९१ अँगस्ट्रॉमच्या सुमाराला, आकाशगंगेच्या सिलिकॉनच्या दोन रेषांमध्ये दाटीवाटीने बसलेला सापडला. या वेळी निळ्या खुणा आधीच लावलेल्या होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस यायच्या आत मी परतले. निघताना त्या मुलीने सगळा वर्णपट लांबलचक कागदावर छापून दिला. सुरळी करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तो एस.टी.त मांडीवर धरून आणला. कात्रजच्या घाटात गाडी वळली की सुरळी शेजारच्या आजींना लागायची. त्यांनी विचारलं, "देवाचा फोटो का गं?" मी म्हटलं, "नाही आजी, लांबच्या एका उजेडाचा." त्यांनी मग सुरळीचं एक टोक आपल्या हातात धरून ठेवलं, साताऱ्याला उतरेपर्यंत.

तो कागद आता डार्करूमच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, सोडियमच्या दिव्याची वेळ व्हायची वाट पाहत मुलं उभी असतात तिथे. दिवा लाल असतो तेवढी पाच-सात मिनिटं त्यांना करायला काही नसतं, म्हणून ती कागद बघतात. ऑगस्टमध्ये एस.वाय.चा एक मुलगा बोट ठेवून उभा होता. १२६० च्या जवळ, वर छोटी निळी खूण असलेल्या त्या अरुंद, खोल खाचेवर.

"मॅडम, बाकीच्या सगळ्या डावीकडे सरकल्यात. ही एकटीच अशी का? हिची दुसरी कुठाय?"

"हिची दुसरी नाही," मी म्हटलं. "ती आपल्याकडची आहे."

त्याने बोट तिथेच ठेवलं आणि मान वर करून छताकडे पाहिलं. आत दिवा पिवळा झाला होता.